कारखान्याचं सांडपाणी साफ करतात म्हणजे त्यातली घाण जाते तरी कुठे?

नदीला फेस आला, मासे उलटे तरंगायला लागले, पाणी लाल नाहीतर निळं झालं की हमखास ऐकू येतं, "अरे साधा फिल्टर बसवायला काय जातं यांचं?" राग बरोबर आहे, पण फिल्टरने अडेल अशी घाण त्या पाण्यात थोडीच असते. बरीचशी विरघळलेली असते, मीठ पाण्यात विरघळतं तशी, मग जाळी कितीही बारीक लावा, ती आरपार जाणार. त्यात प्रत्येक धंद्याचं पाणी वेगळं. डेअरीच्या पाण्यात दूध-साय, प्लेटिंगवाल्याच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्याच्या पाण्यात क्रोम-निकेल आणि कधीकधी सायनाइड, कापड रंगवणाऱ्याकडे रंग आणि ढीगभर मीठ, डिस्टिलरीचं पाणी तर काळं-तपकिरी आणि इतकं जहाल की शहराच्या गटाराचं पाणी त्यापुढे साधं वाटावं. म्हणून ज्याला ईटीपी म्हणतात, म्हणजे कारखान्याचा सांडपाणी साफ करणारा प्लांट, ते एक मशीन नसतं, टाक्यांची रांग असते आणि प्रत्येक टाकीला ठराविक प्रकारचीच घाण कळते.

ही रांग समजून घ्यायची तर प्रत्येक टाकीपाशी एकच प्रश्न विचारत जायचा: घाण गेली कुठे? कारण ती खरोखर नष्ट होते असं फार थोड्या ठिकाणी घडतं. बाकी ठिकाणी ती पाण्यातून निघून गाळात जाते, हवेत जाते किंवा आणखी थोड्या पाण्यात जास्त दाट होऊन बसते. ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही त्याचा प्लांट कितीही चकचकीत असो, मला तरी शंका येते.

आधी नदीचं काय होतं ते बघू. विष नसलेलं सांडपाणीसुद्धा नदी मारतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. साखर, स्टार्च, दूध यात विषारी काय आहे? काहीच नाही, पण नदीतले बॅक्टेरिया ते खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, आणि पाण्यात ऑक्सिजन असतो किती? एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम, आणि पाणी ३० अंशाला गेलं तर साडेसातच. माशांना ४-५ तरी लागतोच. आता ज्या सांडपाण्याची ऑक्सिजनची भूक, म्हणजे बीओडी, लिटरमागे १००० मिलिग्रॅम आहे त्याचं एक लिटर नदीत पडलं की शंभराहून जास्त लिटर नदीच्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन ते एकटं फस्त करू शकतं. हवेतून नवा ऑक्सिजन विरघळत राहतो म्हणून नदी तग धरते, पण ते काम संथ असतं. १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून याचं गणितच मांडलं, की ऑक्सिजन सगळ्यात कमी नाल्याच्या तोंडाशी होत नाही, तिथून बराच खाली, पाणी वाहत गेल्यावर होतो. म्हणजे घाण सोडली एकीकडे आणि मासे मेले दुसऱ्याच गावापाशी, आणि मग सगळे तिथल्या लोकांकडे बघतात.

त्यावरून आठवलं, सांडपाण्याचं जे जुनं मापदंड जगभर घोकलं जातं, लिटरमागे बीओडी २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३०, ते ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात दिलेलं. पण त्यात एक अट होती जी नंतर लोक सोयीस्कर विसरले. हे पाणी जिथे सोडणार तिथे निदान आठपट स्वच्छ नदीचं पाणी मिसळायला हवं. उन्हाळ्यात जी नदी आटून ओहोळ होते आणि त्या ओहोळातही बहुतेक सांडपाणीच असतं, तिथे आठपट कुठून आणणार? आकडा पाळला, अट उडाली.

बीओडीचा एक भाऊ आहे सीओडी. बीओडी म्हणजे बॅक्टेरियांना घाण खाताना किती ऑक्सिजन लागला, त्याची टेस्ट मूळ पद्धतीत पाच दिवस चालते. सीओडीमध्ये बॅक्टेरियांना विचारतच नाहीत, आम्ल आणि डायक्रोमेट घालून दोन तास उकळायचं, जे काही जळण्यासारखं आहे ते सगळं जाळून हिशोब काढायचा. या दोघांची तुलना फार कामाची. बीओडी सीओडीच्या अर्ध्याच्या आसपास असेल तर खुश व्हा, बॅक्टेरिया बरंचसं काम करतील. सीओडीच्या तीन दशांशच्या खाली गेलं तर समजायचं यात असं काहीतरी आहे जे त्यांना खाता येत नाही किंवा जे त्यांनाच खाऊन टाकतंय.

आता टाक्यांकडे. पहिली मोठी टाकी दिसायला एकदम मठ्ठ असते, इक्वलायझेशन टँक, त्यात पाणी नुसतं साठवतात आणि ढवळतात. पण ती छोटी ठेवली की पुढचं सगळं बोंबलतं. कारखाना चोवीस तास सारखं पाणी सोडत नाही, सकाळी टाकी धुतली तर कॉस्टिक सोड्याचं पाणी, दुपारी आम्लाचं, रात्री रंगाची बॅच बदलली की एकदम गडद लोंढा. हे सगळं एकत्र होऊन सरासरीवर आलं की पुढे काम करणाऱ्याला रोज नवं संकट नको. मात्र इथेच एक सापळा आहे, सगळंच एकत्र करायचं नसतं, त्याकडे येतोच.

पुढे तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालतात. पाणी गढूळ दिसतं ते अतिबारीक कणांमुळे, त्या कणांवर बहुधा सारखाच ऋण विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियमने तो भार मारला की ते चिकटायला लागतात, मग थोडं पॉलिमर घातलं की त्यांचे गठ्ठे होतात आणि तळाला बसतात. डोस किती हे पुस्तकात बघून चालत नाही, एका ओळीत काचेचे जार ठेवून प्रत्येकात वेगळा डोस घालून बघावं लागतं. तेल-चरबी असेल तर उलटं, बारीक बुडबुडे सोडून ती वर आणतात आणि साय काढावी तशी काढतात. इथे घाण गेली कुठे? गाळात. एवढंच झालंय.

आता प्लेटिंगचं पाणी, कारण खरी केमिस्ट्री इथे दिसते. क्रोमचं पाणी पिवळं-नारिंगी असतं, त्यातलं क्रोम सहा-संयुजी, कॅन्सर करणारं आणि भलतंच विरघळणारं. त्यात कितीही चुना टाका, ते काही तळाला बसणार नाही. आधी आम्ल घालून पीएच २ ते ३ वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट सोडायचं. टाकीपाशी उभं राहून बघितलं तर दिसतं, पिवळा रंग आधी मळकट होतो, मग शेवाळी, आणि काही मिनिटांत सगळी टाकी स्वच्छ हिरवट दिसायला लागते, नाकाला सल्फर डायऑक्साइडचा झिणझिण्या आणणारा वास येतो. हिरवं झालं म्हणजे क्रोम तीन-संयुजी झालं, कितीतरी पटीने कमी विषारी. आता चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच साडेआठच्या आसपास न्यायचा की हिरवट ढगासारखा गाळ तयार होतो आणि खाली बसतो. घाईघाईत आधीच चुना ओतला तर? क्रोम सहाच राहतं, पाणी वरून नितळ पण पिवळसर, आणि ते तसंच बाहेर जातं.

बरं, साडेआठ क्रोमला मानवतो, पण निकेलला दहाच्या वर लागतो, झिंकला साधारण मधे कुठेतरी. पीएच जास्त चढवला तर क्रोम आणि झिंक परत विरघळायला लागतात. म्हणजे तिन्ही धातू एकाच टाकीत आले की एकाला बसवावं तर दुसरा उठतो. त्यात सायनाइडचं पाणी मिसळलं तर ते निकेलला असं धरून ठेवतं की कुठल्याच पीएचला ते नीट बसत नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे सायनाइडचं पाणी आणि क्रोमचं आम्ल पाणी चुकून एका गटारात आलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, माणूस जागच्या जागी जातो. सायनाइडला वेगळी टाकी लागते, पीएच दहाच्या वर ठेवून हायपोक्लोराइट घालायचं, मग पीएच थोडा उतरवून परत घालायचं, तेव्हा त्याचा नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होतो. घाण खरोखर नष्ट झाली म्हणता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

म्हणून माझ्या मते अख्ख्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टाकीत नसून पाइपांमध्ये आहे. कुठलं पाणी कुठल्या पाइपाने जातं आणि कोण कुणात मिसळतं. मिसळायला एक व्हॉल्व्ह पुरतो, वेगळं करायला नंतर कोटी खर्चूनही होत नाही.

याचं इतिहासातलं सगळ्यात वाईट उदाहरण जपानचं मिनामाता. तिथल्या चिस्सो कंपनीत अॅसिटाल्डिहाइड बनवायला पारा वापरत, त्यातून मिथाइल मर्क्युरी तयार होऊन पाण्याबरोबर खाडीत जायचं, मासे-शिंपल्यांत साठायचं आणि ते खाणाऱ्या माणसांच्या मेंदूत. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५८ मध्ये कंपनीने काय केलं, तर पाण्याचा पाइप खाडीऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवला, आणि मग त्या बाजूच्या गावांत नवे रोगी दिसायला लागले. १९५९ च्या डिसेंबरमध्ये सायक्लेटर नावाचा शुद्धीकरण प्लांट गाजावाजात सुरू झाला, कंपनीच्या अध्यक्षाने त्यातलं म्हणून ग्लासभर पाणी पिऊनही दाखवलं. पण पारा असलेलं पाणी त्या वेळी सायक्लेटरमधून जातच नव्हतं, आणि गेलं असतं तरी तो सेंद्रिय पारा काढण्यासाठी ते यंत्र बनवलेलंच नव्हतं. पाणी सोडणं थांबलं १९६८ मध्ये. प्लांट आहे हे उत्तर पुरेसं का नाही, ते यावरून कळावं.

आता बॅक्टेरियांची टाकी, एअरेशन टँक. धातू, आम्ल, तेल आधी निघालं की उरलेलं सेंद्रिय खायला कोट्यवधी बॅक्टेरिया सोडतात आणि ब्लोअरने हवा फुंकतात. नदीत जे होणार होतं तेच इथे टाकीत करून घेतात, ऑक्सिजन नदीचा न वापरता विजेचा वापरून, एवढाच काय तो खेळ. ही युक्ती १९१४ ची, मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांची. सांडपाण्यात हवा आधीही फुंकायचे, पण दर वेळी तळाचा गाळ फेकून द्यायचे आणि मग आठवडेच्या आठवडे लागायचे. या दोघांनी गाळ फेकला नाही, तसाच ठेवून त्यावर नवं पाणी घातलं, परत ठेवला, परत घातलं, आणि तेच काम तासांवर आलं. तो गाळ म्हणजे जिवंत बॅक्टेरियाच होते ना. आजही खाली बसलेला गाळ पंपाने परत टाकीत आणतात, जगातले बहुतेक मोठे प्लांट याच तत्त्वावर आहेत.

या टाकीची तब्येत बघायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे एक लिटरचा मोजपात्राचा सिलिंडर. टाकीतलं तपकिरी पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. टाकी ठीक असेल तर पाच मिनिटांतच कण जमून मोठे व्हायला लागतात, एक स्पष्ट रेघ दिसते आणि ती सरकत खाली येते, वर पाणी नितळ. अर्ध्या तासाने गाळ अडीचशे-तीनशे मिलिलिटरच्या खुणेपाशी आला तर ऑपरेटर निवांत. नऊशेवरच अडून बसला आणि कापसासारखा फुगलेला दिसला तर धाग्यासारखे बॅक्टेरिया माजलेत, बहुधा हवा कमी पडली किंवा खुराक बिघडला. वरचं पाणी दुधट राहिलं तर काहीतरी विषारी येऊन गेलंय, आधीच्या शिफ्टला फोन करून विचारायचं की रात्री काय सोडलंत. काही प्लांटमध्ये इतकी साधी टेस्टही रोज होत नाही आणि ऑनलाइन मीटर मात्र लाखोंचे लागलेले असतात, याला काय म्हणावं.

बॅक्टेरियांना नुसता कार्बन पुरत नाही, बीओडी १०० असेल तर नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ असा साधारण हिशोब लागतो. शहराच्या मैल्यात हे आपोआप असतं. कागदाच्या किंवा केमिकलच्या पाण्यात नसतं, मग टाकीत चक्क युरिया आणि डीएपी टाकावं लागतं, शेताला टाकतात तसं. जास्त पडलं तर तेच नदीत जाऊन शेवाळ माजवतं, हा भाग वेगळा. आणि त्यांना अचानक बदल अजिबात खपत नाही, एका रात्रीत जंतुनाशकाचा पिंप कोणी गटारात ओतला की मेलेली टाकी परत उभी करायला आठवडे जातात, आणि तेवढे आठवडे कारखाना बंद राहतो असं समजायचं कारण नाही.

इथे घाण कुठे गेली? बरीचशी कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत, आणि बाकीची नव्या बॅक्टेरियांच्या अंगात. एक किलो बीओडी खाल्लं की साधारण अर्धा किलो नवा सुका गाळ तयार होतो. डिस्टिलरीसारखं फार दाट पाणी असेल तर हवा फुंकून परवडतच नाही, तिथे आधी बिनहवेचे बॅक्टेरिया वापरतात. ते हळू असतात, ऊब मागतात, चिडके असतात, पण गाळ फारच कमी करतात आणि वर मिथेन देतात, एक किलो सीओडीमागे जवळपास ३५० लिटर, तो बॉयलरला जाळता येतो. नेदरलँड्समध्ये गात्से लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात यूएएसबी नावाचा रिअॅक्टर बनवला, ज्यात हे बॅक्टेरिया आपले आपण दाणे बनवून खाली राहतात आणि पाणी त्यांच्यातून वर चढतं. त्यातून बाहेर येणारं पाणी अजून नदीत सोडण्यालायक नसतं, ते परत हवेच्या टाकीत जातं, पण बहुतेक भूक मिटलेली असते.

जे बॅक्टेरियांना खाता येत नाही, उदाहरणार्थ बरेच रंग आणि काही औषधांचे अंश, त्यासाठी ओझोन किंवा लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची फेंटन प्रक्रिया वापरतात, ती तुकडे करते. नाहीतर अॅक्टिव्हेटेड कार्बन, तो फक्त धरून ठेवतो, भरला की घाण आता कोळशात.

राहिलं मीठ. इथे सगळे हात टेकतात. सोडियम, क्लोराइड, सल्फेट यांना बॅक्टेरिया खात नाहीत, तुरटीने बसत नाही, ओझोनने जळत नाही, उलट आपण आधीच्या टाक्यांत आम्ल-कॉस्टिक घालून ते वाढवलेलंच असतं. मग आरओ. शंभर लिटर खारं पाणी घातलं, सत्तर लिटर गोडं मिळालं, छान, पण उरलेल्या तीस लिटरमध्ये सगळंच्या सगळं मीठ आहे, तिप्पट दाट. हे उरलेलं दाट पाणी, म्हणजे रिजेक्ट, रात्री टँकरने कुठेतरी गेलं तर सगळ्या प्लांटवर पाणी. झिरो डिस्चार्ज, म्हणजे थेंबही बाहेर सोडायचा नाही असं करायचं तर ते उकळावं लागतं, आणि एक हजार लिटर पाण्याची साध्या पद्धतीने वाफ करायला सव्वासहाशे युनिट वीज लागेल इतकी उष्णता लागते. पाच-सहा टप्प्यांचा इव्हॅपोरेटर लावून एका टप्प्याची वाफ पुढच्याला वापरली की खर्च बराच उतरतो, तरीही तो प्लांटमधला सगळ्यात खादाड भाग असतो. शेवटी हातात येते मिठाची पोती. एकाच प्रकारचं स्वच्छ मीठ असेल तर परत वापरता येतं, चार प्रकारचं रंगीत मिश्रण असेल तर कोणी घेत नाही, ते पावसापासून जपून सुरक्षित लँडफिलमध्ये न्यावं लागतं. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघालेल्या क्रोमच्या गाळाचंही तेच. पावसात उघड्यावर पडला तर त्यातलं पाणी झिरपत परत नदीकडेच जातं.

आकड्यांचीही एक गंमत. नियम बहुतेक लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असतात, मग कोणी हुशार माणूस शेवटच्या टाकीत बोअरचं पाणी सोडतो, २०० चे १०० होतात, रिपोर्ट पास. पण नदीला रोज किती किलो मिळालं ते तेवढंच राहिलं. ५०० घनमीटर पाण्यात २०० मिलिग्रॅम म्हणजे रोज १०० किलो, आणि १००० घनमीटरमध्ये १०० मिलिग्रॅम म्हणजेही १०० किलोच. म्हणून रिपोर्ट बघताना आकड्याबरोबर रोजचं पाणी किती ते विचारायचं, आणि सॅम्पल एका क्षणी बाटली भरून घेतलं की चोवीस तास थोडं थोडं करून, तेही.

आणि खरी कमाई प्लांटच्या आधी आहे, जिथे पाणी घाण होतं तिथे. प्लेटिंगचंच घ्या. बाथमधून, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतून काढलेल्या वस्तूला एक लिटर द्रावण चिकटून आलं, ते हजारपट पातळ होईपर्यंत धुवायचंय. एकाच टाकीत धुतलं तर हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ठेवल्या, वस्तू पुढे जातेय आणि पाणी उलट दिशेने मागे येतंय, तर साधारण ३२ लिटर. तीन टाक्या ठेवल्या तर १० च्या आसपास. वस्तू तेवढीच स्वच्छ. ते १० लिटर इतकं दाट असतं की त्यातलं काही परत बाथमध्येच टाकता येतं, कारण बाथमधलं पाणी वाफ होऊन कमी होतच असतं, आणि वस्तू बाहेर काढल्यावर ती बाथच्या वरच दहा-पंधरा सेकंद लटकत ठेवली तर चिकटून येणारं द्रावणही आधीच बरंच कमी होतं.